बाकी नेहमीचं

पडद्यावर एक्स-रे उमटला आणि दातांचे डॉक्टर तुदुर बेब यांच्या तोंडातलं वाक्य अर्धंच राहिलं.

वरचे दोन्ही सुळे जिथे असायला हवे होते, तिथे नव्हते. ते टाळूच्या आत शिरून आडवे झाले होते, दोन चोर अंधारात सरपटत यावेत तसे. उजव्या सुळ्याने तर पुढच्या दोन दातांची मुळंच खाल्ली होती. कडेच्या दाताचं मूळ जवळजवळ संपलं होतं, नुसता वरचा भाग हिरडीत अडकून बसला होता. मधल्या मोठ्या दाताचं मूळ अर्धं उरलं होतं.

"म्हणूनच हलतोय का तो?" खुर्चीत आडवी झालेली हेलेद म्हणाली. बारा वर्षांची मुलगी, नाकावर ठिपके, आणि बोलताना एका हाताची तीन बोटं मांडीवर आपोआप नाचत राहायची. ती बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे छोटं ट्रंपेट, वाजवायची. मांडीवरची ती बोटं म्हणजे वाद्याच्या तीन कळा.

"हो," बेब म्हणाले. "म्हणूनच हलतोय."

हेलेदची आई, डेलिथ ब्रीझ, भिंतीजवळच्या खुर्चीत कोट मांडीवर घेऊन बसली होती. म्हाताऱ्या माणसांच्या सेवाघरात ती काम करायची. सकाळची पाळी संपवून तशीच आली होती, पायात अजून तिथलेच पांढरे बूट होते. ती म्हणाली, "मी म्हटलं हिला, त्या कॉर्नेटमुळेच हलला असेल. दिवसभर तोंडाला लावलेलं असतं."

"आई, मी सांगितलं होतं ना, कॉर्नेटमुळे नाही!"

"बरं बाई, नाही. डॉक्टर सांगतील."

डॉक्टर सांगणार होते. पण त्याआधी त्यांनी पडद्याच्या कडेला मुलीचे जुने कागद उघडले. सोळा महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा या रुग्णालयात आली होती, साडेदहा वर्षांची असताना. पुढचा एक दात आत वळला होता म्हणून गावातल्या दंतवैद्याने पाठवलं होतं. त्या दिवशीचं बेब यांचं पत्र समोर आलं. शेवटच्या परिच्छेदात एक ओळ होती: 'वरचे दोन्ही सुळे गालाच्या बाजूने हिरडीत बोटाला लागतात. एक वर्षाने पुन्हा बघावं.'

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांनी बोट लावलंच नव्हतं.

या कामात असं असतं. मूल दहा वर्षांचं झालं की दुधाच्या सुळ्यांच्या वर, हिरडीवर बोट दाबून बघायचं. आत पक्का सुळा खाली यायला निघाला असेल, तर बोटाला उंचवटा लागतो, रजईखालच्या हरभऱ्यासारखा. उंचवटा नाही लागला, तर एक्स-रे काढायचा. सुळा वाट चुकला असेल, तर दुधाचा दात वेळेवर काढून टाकायचा, म्हणजे बहुतेक वेळा तो आपणहून रस्त्याला लागतो. चार सेकंदांचं काम. नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला बेब हेच पहिलं शिकवायचे. "डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बोट लावा."

"काही वाईट आहे का?" डेलिथने विचारलं.

"एक दात जाईल," ते म्हणाले. "आपले शस्त्रक्रियेचे डॉक्टर मोकळे करतील ते सुळे, भूल देऊन. मग साखळी लावून मी एकेक करून त्यांना खाली ओढीन. तारा लावाव्या लागतील. अडीच वर्षं, कदाचित जास्त."

"आणि मधला दात?"

"तो जपायचा. त्याचा भरवसा देता येत नाही."

हेलेदची बोटं मांडीवर थांबली. "मे महिन्यात काउंटी बँडची परीक्षा आहे. मी पहिल्या खुर्चीसाठी, म्हणजे मुख्य वादकाच्या जागेसाठी, वाजवणार आहे."

मग डेलिथ उठली, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बेबना म्हणाली, "देवाची कृपा, तुमच्याकडे आलो. दुसऱ्या कुणाला हे दिसलंही नसतं. तुम्ही वेळेवर पकडलंत, डॉक्टर."

बेबनी मान हलवली. मान हलवली, आणि दोन आठवड्यांनंतरच्या बुधवारची तारीख दिली.

*

सोळा महिन्यांपूर्वीच्या त्या दिवसाचं सगळं त्यांना आठवत होतं. ते विसरता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

तो शुक्रवार होता. बेथानिया चॅपेलच्या वार्षिक गानोत्सवाची शेवटची तालीम पाच वाजता होती. गाववाल्यांसाठी वर्षातला तो सगळ्यात मोठा दिवस. सहा चॅपेलांची माणसं एकत्र येऊन चार सुरांत दिवसभर स्तोत्रं गातात, आणि गाणं शिकवायला बाहेरगावचे मोठे गुरुजी येतात. बेब खर्जात गायचे. शिवाय ते चॅपेलचे कारभारी. पाद्र्याच्या व्यासपीठाखाली जे मोठं बाक असतं, लोकांकडे तोंड केलेलं, तिथे त्यांची जागा होती. वडिलांचीही तीच जागा होती. गुरुजींचं स्वागत त्यांनीच करायचं होतं.

दुपारी तेवीस मुलं होती. हेलेद शेवटची. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. त्यांनी आरसा घालून आत वळलेला दात बघितला, हातमोजे काढले, टोपलीत टाकले, आणि तेव्हा त्यांना आठवलं की बोट लावायचं राहिलं. नवे मोजे हाताच्या अंतरावर होते. त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

मुलगी तशीच तोंड उघडून पडली होती. "झालं?" तिने विचारलं होतं.

"झालं," ते म्हणाले होते.

मग गाडीकडे जाता जाता त्यांनी पत्र बोलून ठेवणाऱ्या यंत्रात दोन ओळी सांगितल्या, आणि शेवटी म्हणाले, "बाकी नेहमीचं, नेस्टा."

नेस्टा प्यू म्हणजे त्यांची सेक्रेटरी. 'नेहमीचं' म्हणजे काय ते तिला पाठ होतं. तिने एक कळ दाबली की तो शेवटचा परिच्छेद आपोआप कागदावर यायचा, सुळ्यांसकट.

तालमीला ते वेळेवर पोचले. दुसऱ्या स्तोत्राला छप्पर हललं होतं. गुरुजींनी तेच कडवं तीनदा म्हणून घेतलं, आणि बेब यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देवाच्या इतकं जवळ आपण कधी नव्हतो, असं त्यांना त्या संध्याकाळी वाटलं होतं.

*

"अरे, कागद बोलतोय ना?" फिनेगन म्हणाला. शस्त्रक्रियेचा डॉक्टर, आयर्लंडचा, मनाचा मोठा आणि तोंडाचा त्याहून मोठा. कँटीनमध्ये दोघे समोरासमोर बसले होते. त्याने बटाट्यांवर इतका रस्सा ओतला होता की बटाटे दिसत नव्हते. "'बोटाला लागतात.' लिहिलंय तुझं. तेव्हा लागत होते, नंतर फिरले. सुळे फिरतात. बायकोच्या भावासारखे आहेत ते, कधी कुठे जातील नेम नाही."

"मी बोट लावलं नव्हतं, फिनेगन."

फिनेगनने काटा खाली ठेवला.

"तुला नक्की आठवतंय?"

"नक्की."

"सोळा महिने झाले. रोज वीस-पंचवीस तोंडं बघतोस. मला काल काय जेवलो ते आठवत नाही." त्याने आवाज खाली आणला. "आणि ऐक. लावलं असतंस, एक्स-रे काढला असतास, दुधाचे दात काढले असतेस, तरी सुळे आले असतेच याची खात्री आहे? नाही. तीनातला एक तरी ऐकत नाही. मग कशाला स्वतःला सुळावर चढवतोस? पोरीचं भलं कर. उत्तम काम कर. तेच तुझं प्रायश्चित्त."

"नुकसान झालं की घरच्यांना सांगायचं, असा नियम आहे."

"आपल्यामुळे झालं तर. झालं का? देवालाच माहीत." फिनेगनने काटा पुन्हा उचलला. "आणि तो काही तक्रार अर्ज लिहीत नाही."

बेब हसले. आणि त्यांना हसू आलं याचीच त्यांना लाज वाटली. कारण फिनेगनचं बोलणं खोटं नव्हतं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता, आणि ते सगळे मिळून एक मऊ गादी झाली होती. तिच्यावर आडवं व्हायचं तेवढं बाकी होतं.

*

रविवारी बेथानियात म्हातारे पाद्री योरवर्थ आले होते. ऐंशी पार केलेले. आता त्यांच्यासारखं प्रवचन करणारी माणसं उरली नाहीत. ते आधी हळू, घरात बोलल्यासारखं बोलतात. विहिरीवर पाणी भरायला आलेल्या बाईची गोष्ट सांगतात, तिचा घडा सांगतात, दोराने सोललेले तिचे तळवे सांगतात. आणि मग कुठल्या क्षणी बोलण्याचं गाणं होतं ते कुणाला कळत नाही. आवाज एका सुरावर चढतो, तिथे राहतो, लाटेसारखा खाली येतो, पुन्हा चढतो. शब्द तेच असतात, पण आता ते कानात शिरत नाहीत, थेट छातीत उतरतात. ज्याने हे एकदा ऐकलं, तो जन्मभर रविवारची वाट बघतो. बेब लहानपणापासून वाट बघत आले होते.

त्या रविवारी योरवर्थ यांचा आवाज चढला. मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. म्हाताऱ्या मिसेस हमफ्रीझ डोलायला लागल्या. आणि मोठ्या बाकावर, सगळ्या लोकांकडे तोंड करून बसलेल्या तुदुर बेब यांच्या आत काहीच हललं नाही.

ते वाट बघत राहिले. सूर आणखी वर गेला. आत कोरडं. विहिरीत दोर सोडावा, सोडत राहावा, आणि घडा खडकावर आपटल्याचा आवाज यावा, तसं.

त्यांना वाटलं, हेच तर मी निवडलं होतं. त्या शुक्रवारी एका पारड्यात चार सेकंद होते आणि दुसऱ्यात हे गाणं. मी गाणं घेतलं. आणि देवाने ते गाणंच काढून घेतलं. मग त्यांना आणखी एक गोष्ट सुचली, आणि ती पहिलीहून जास्त बोचली: देवाने काहीच काढून घेतलेलं नाही. तो म्हातारा तसाच गातोय. मीच दार आतून लावून बसलोय.

दारात हस्तांदोलन करताना योरवर्थ यांनी त्यांचा हात जरा जास्त वेळ धरला. "घसा बरा नाही का, तुदुर? शेवटच्या स्तोत्राला खर्ज ऐकू आला नाही."

"सर्दी आहे," बेब म्हणाले.

पाद्र्याशी, चॅपेलच्या दारात, खोटं.

*

सोमवारी सकाळी नेस्टा चहाचा कप घेऊन आली आणि दार लावून घेतलं. एरवी ती दार कधी लावत नसे. सोळा वर्षांत तिने बेबना टोमणा मारल्याशिवाय चहा दिला नव्हता. त्या दिवशी तिने कप मुकाट ठेवला.

"मी हेलेद ब्रीझचे कागद बघितले," ती म्हणाली. "फिनेगनना पत्र पाठवायचं होतं म्हणून. मिस्टर बेब, ते सुळ्यांचं वाक्य मी घातलं."

"नेस्टा..."

"मला बोलू द्या. तुम्ही 'बाकी नेहमीचं' म्हणता, मी कळ दाबते. त्या दिवशी तुम्ही 'नेहमीचं' म्हटलं होतं की नव्हतं, ते मला आठवत नाही. यंत्रातलं बोलणं महिन्याने पुसलं जातं. कदाचित तुम्ही म्हटलंच नसेल, आणि माझं बोट सवयीने गेलं असेल." तिने बाहीतून रुमाल काढला. "शनिवारपासून झोप नाही. त्या पोरीला मी बँडमध्ये ऐकलंय. ख्रिसमसला बाजारचौकात वाजवत होती, गालांचे टोमॅटो झाले होते थंडीने. मी वरच्या साहेबांना जाऊन सांगते. चूक माझी आहे म्हणून."

बेब तिच्याकडे बघत राहिले. आणि त्या एका क्षणात, देव क्षमा करो, त्यांना दिसलं की हे किती सोपं आहे. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. नेस्टा जाऊन सांगेल, वरचे लोक म्हणतील टायपिंगमधली चूक, तिला समज देतील, एक नवा नियम निघेल, आणि सगळं मिटेल. मोठ्या बाकावरची जागा तशीच राहील.

तो क्षण लांबला. इतका लांबला की नेस्टाने डोळे पुसून वर बघितलं.

"मी म्हटलं होतं," ते म्हणाले. "'बाकी नेहमीचं.' गाडीकडे जाता जाता. आणि बोट लावलं नव्हतं हे मला तेव्हाच माहीत होतं. तुझा काही संबंध नाही."

"तेव्हाच?"

"मोजे काढल्यावर आठवलं. तालमीला उशीर होत होता."

नेस्टाने न प्यालेला चहा उचलला. "गार झालाय," ती म्हणाली, "दुसरा आणते," आणि ती गेली ती परत आलीच नाही. दुसरा चहा आला नाही. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

*

बुधवारी फिनेगन आधी आला, शस्त्रक्रिया कशी करणार ते हेलेदला एका प्लॅस्टिकच्या कवळीवर दाखवलं, दोन विनोद केले, आणि दारातून जाताना बेबकडे बघून भुवया उडवल्या. म्हणजे: गप्प राहा.

बेबनी खुर्ची ओढली आणि मायलेकींच्या समोर बसले. टेबल मध्ये येऊ दिलं नाही.

"मिसेस ब्रीझ, त्या दिवशी तुम्ही म्हणालात की मी वेळेवर पकडलं. तसं नाहीये."

डेलिथ कोटाचं बटण लावत होती. ती थांबली.

त्यांनी सांगितलं. काय करायला हवं होतं, ते केलं नाही. मोजे काढल्यावर आठवलं होतं. पुन्हा घातले नाहीत. पत्रात मात्र केलं असं लिहिलं गेलं, आणि तेही त्यांच्याच सांगण्यावरून. बोट लावलं असतं तरी सुळे नक्की आले असते असं कुणी म्हणू शकत नाही. पण तशी मोठी शक्यता होती, आणि ती त्यांनी घालवली.

"का?" डेलिथ म्हणाली.

"मला घाई होती."

"कसली घाई?"

इथे 'बरीच मुलं होती' म्हणता आलं असतं. तेवीस मुलं, खोटं नव्हतं ते.

"गाण्याची तालीम होती," बेब म्हणाले. "चॅपेलमध्ये."

डेलिथने त्यांच्याकडे असं बघितलं, जसं आपण रस्त्यात एखाद्या ओळखीच्या माणसाकडे बघतो आणि मग लक्षात येतं की हा तो नव्हेच.

"माझी आई गेल्या वर्षी माझ्या सेवाघरातच वारली," ती हळू म्हणाली. "त्या सेवाघरात रोज बारा म्हाताऱ्या माणसांना मी कुशीवर वळवते. पाठीला जखम होऊ नये म्हणून. दर दोन तासांनी. एखाद्या वेळी न वळवता वहीत 'वळवलं' असं लिहिलं तर कुणाला कळणारे? त्यांना बोलतासुद्धा येत नाही." तिने बटण सोडून दिलं. "आणि मी तुमचे आभार मानले. इथे बसून. तुम्ही मान हलवलीत."

"हो."

"दोन आठवडे तुम्ही मला ते आभार मनात धरून हिंडू दिलंत! सगळ्या गावाला सांगत सुटले मी, किती चांगले डॉक्टर म्हणून."

बेबनी क्षमा मागितली, तीही त्यांना स्वतःच्याच कानांना उसनी वाटली.

"तक्रार कुठे करायची?" डेलिथने विचारलं.

त्यांनी कागद तयार ठेवला होता. नाव, पत्ता, फोन. तिने तो घेतला आणि घडी न घालता पिशवीत टाकला. "तारा कोण लावणार ते मी घरी जाऊन ठरवीन. तुम्ही नाही ठरवायचं."

"बरोबर आहे. दुसऱ्या रुग्णालयाला मी आजच लिहून..."

"सांगितलं ना, मी ठरवीन!"

तेवढा वेळ हेलेद नुसती बघत होती. तिचं तोंड मिटलेलं होतं, जीभ आतून त्या हलत्या दाताला ढकलत होती. गाल किंचित फुगून खाली बसत होता. मग ती म्हणाली, "एक विचारू?"

"विचार, पोरी."

"असं फक्त माझ्याच बाबतीत झालं का? की आणखी मुलं आहेत?"

बेब म्हणणार होते, 'फक्त तुझ्याच.' ते ओठांपर्यंत आलं. तीस वर्षं ते बोट लावत आले होते. जवळजवळ नेहमी. पण त्या 'जवळजवळ'वर हात ठेवून शपथ घ्यायला कुणी सांगितलं असतं, तर? तालमीचे शुक्रवार आणखीही होते. प्रार्थनासभेचे गुरुवार होते. आणि कळ दाबली की वाक्य उमटायचं, लावलं असो वा नसो. सगळ्या पत्रांत ते सारखंच दिसत होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

"मग बघा ना," हेलेद म्हणाली. रागाने नाही, घरी कुणी काही हरवलं तर सांगावं तशी. "त्यांची मुळं अजून खाल्ली नसतील."

*

त्या दुपारी नेस्टाने, एक शब्द न बोलता, यादी काढली. गेल्या तीन वर्षांत नऊ ते बारा वयाच्या ज्या मुलांच्या पत्रात ते वाक्य होतं, ती सगळी. दोनशे सदुसष्ट नावं. त्यांतली बहुतेक ठीकच असणार होती. पण कुठली, ते कागद सांगू शकत नव्हता.

बेबनी वरच्या साहेबांना सगळं लिहून कळवलं. चॅपेलच्या सचिवांना दोन ओळी पाठवल्या, की यापुढे शनिवारी आपण मोकळे नसू, गानोत्सवात गुरुजींच्या स्वागताला दुसरा माणूस बघावा, आणि मोठ्या बाकाचंही बघावं. मग यादी समोर ओढली.

"फोन मी करते," नेस्टा दारातून म्हणाली. आवाज अजून गारच होता. "सेक्रेटरीचं काम आहे ते."

"नको. मी करतो."

"दोनशे सदुसष्ट?"

"तू शनिवारच्या वेळा लिहून घे. दहा-दहा मिनिटांच्या."

ती आत आली. वही उघडली आणि समोरच्या खुर्चीत बसली.

पहिलं नाव एका शेतकऱ्याच्या मुलाचं होतं, डोंगरापलीकडच्या. बराच वेळ घंटा वाजली. मग एका बाईने फोन घेतला. मागे कुत्री भुंकत होती, कुणीतरी दार आपटलं.

"कोण? रुग्णालयातून? स्वतः डॉक्टर?" ती घाबरली. "काय झालं?"

"काही झालं नसेल," तुदुर बेब म्हणाले. "बहुतेक काहीच झालं नसेल. पण तुमच्या मुलाला मी पुन्हा बघायला हवं. का ते सांगतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी एक तपासणी केली, असं पत्रात लिहिलंय. ती मी खरंच केली होती का, हे मला आज सांगता येत नाही."

पलीकडे कुत्री भुंकायची थांबली. नेस्टाने पेन उचललं.